जुझेमामाची बॅग

आमच्या घरात वस्तू चांगली की वाईट हे ती उचलून ठरत असे. नारळ असो, पितळी मेणबत्तीदान असो नाहीतर लग्नात आहेर आलेला मिक्सर असो, मम्मी आधी ती दोन्ही हातांनी वर उचलायची, जरा खालीवर करून पाहायची आणि मग मान डोलवायची किंवा नाक मुरडायची. हलक्या वस्तूला आमच्याकडे एकच शब्द होता, 'फुसकी'. आमची वाडी मालवणहून कट्ट्याला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत होती. चिऱ्याच्या भिंती, पुढे कौलारू पडवी, अंगणात पांढरा रंग दिलेला खुरीस, म्हणजे क्रूस, आणि मागे काजूची कलमं. पडवीच्या आढ्याला काजूबी तोलायचा ताणकाटा बारा महिने लटकत असायचा आणि येणाराजाणारा गंमत म्हणून त्याला काहीतरी अडकवून वजन पाहायचा. अशा घरातून मला एक हलका कॅमेरा घेऊन पोर्तुगालला जायचं होतं. आता केसांत पांढरं डोकावू लागल्यावर आठवताना हसू येतं म्हणावं, तर तसंही नाही. अजूनही चीडच येते.

मी तेव्हा गोव्याला आर्किटेक्चर शिकत होते. आमच्या कॉलेजमधून एका सत्रासाठी पोर्तोला जायला माझी निवड झाली होती. ते शहर सगळं चढणीवर. तिथल्या जुन्या गल्ल्यांमधली घरं, निळ्या फरशांनी मढवलेले चर्चचे दर्शनी भाग, अंधारे जिने यांचे फोटो काढत दिवसभर पायी फिरायचं आणि परत येऊन त्यावर प्रबंध लिहायचा, असं काम होतं. फोटो नाहीत तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर वर्ष फुकट. कॅमेऱ्यासाठी शिष्यवृत्तीत वेगळी तरतूद होती, म्हणजे पैशांवरून भांडायचंही कारण नव्हतं. आमच्या सरांनी निघण्याआधी एकच गोष्ट बजावली होती, की चौथ्या दिवशी जे सामान तू खोलीवर ठेवून बाहेर पडशील ते आत्ताच घेऊ नकोस. मी महिनाभर डोळे फोडून वाचलं, लोकांना विचारलं आणि ठरवलं. एक लहानसा मिररलेस कॅमेरा, इमारत पूर्ण मावेल अशी एक वाइड लेन्स, आणि अंधाऱ्या चर्चमध्ये बाकावर टेकवता येईल असा वीतभर ट्रायपॉड. सगळं मिळून सोललेल्या दोन नारळांएवढं वजन. निर्णय झाला होता, तो फक्त घरी सांगायचा बाकी होता.

आणि तो मला नीट सांगता येत नव्हता, कारण खरं कारण बोलायला बंदी होती. दहावीत असताना विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून मी घसरले होते आणि माझा उजवा खांदा निखळला होता. आधी एका गावठी वैद्याने तो ओढून बसवला, मग डॉक्टरांनी पुन्हा बसवला, पण तो पूर्वीसारखा झाला नाही. जड काही उजव्या बाजूला टांगलं आणि हात जरा चुकीचा फिरला की सांधा जागचा सरकायचा. ती वेदना शब्दांत सांगता येत नाही, डोळ्यांपुढे अक्षरशः काळोख यायचा. मम्मीने वाडीत आणि नातेवाइकांत सांगितलं की पोरीला लचक भरली होती, आता बरी आहे. तेव्हापासून आमच्या घरात माझा खांदा बरा होता. पाण्याची कळशी मी डाव्या हाताने आणायचे, चर्चमध्ये फुलांच्या कुंड्या उचलायची वेळ आली की मला खोकला यायचा. शेजाऱ्यांनी मला आळशी ठरवलं होतं आणि मम्मीला ते चालत होतं. आळशी मुलीचं लग्न होतं, पण मोडक्या खांद्याच्या मुलीचं होत नाही, असा तिचा हिशेब. वर मी पोर्तोला निघायच्या सुमारास फिलूमावशी, म्हणजे आमच्या वाडीत लग्नं जुळवणारी फिलोमिना, माझ्यासाठी मडगावचं एक स्थळ घेऊन आली होती.

त्या दिवसांतल्या सकाळी मला अजून ऐकू येतात. उजाडता उजाडता पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, त्यामागून मासेवालीच्या स्कूटरचा हॉर्न, चुलीवर पेजेचं रटरटणं, मिक्सरमध्ये खोबरं आणि तिरफळाचं वाटप. निखाऱ्यावर सुका बांगडा टाकला की त्या वासाने मी उठायचे. पेजेबरोबर तो बांगडा आणि कैरीचं लोणचं घेऊन आम्ही पडवीत बसायचो, आणि पहिला घास पोटात जायच्या आत कॅमेऱ्याचा विषय निघायचा. पप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे. वर्गात त्यांचा दरारा होता म्हणतात, घरात मात्र 'तुझी मम्मी सांगता तसां कर' याच्यापलीकडे त्यांनी कधी मत दिलं नाही. मत द्यायला बाकीचे होतेच. दुबईहून आलेला शेजारी म्हणाला, फोननेच काढ. चर्चमधल्या गायनमंडळाची बाई म्हणाली, पोर्तुगालात कॅमेरे स्वस्त मिळतात, तिकडेच घे. आणि या सगळ्यांच्या वर आमचा जुझेमामा.

जुझेमामा मम्मीचा थोरला भाऊ. कट्ट्याच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि आसपासच्या गावांतलं क्वचितच एखादं लग्न, बाप्तिस्मा किंवा बारसं त्याच्या कॅमेऱ्यातून सुटलं असेल. हिंदू असो की ख्रिस्ती, वधू त्याच्यासमोर आली की त्याच्या एका शब्दावर हनुवटी वर करायची. मनाने फार मोठा माणूस. मी लहान असताना त्यानेच मला पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या भिंगातून बघू दिलं होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याला एखादी गोष्ट पटवून देणं म्हणजे डोंगराला बाजूला हो म्हणण्यासारखं होतं. मी पोर्तुगालला जाणार हे कळताच तो आपली काळी बॅग घेऊन आला आणि पडवीत ठेवली तेव्हा खालची फरशी दणाणली. त्यात त्याचा मोठा कॅमेरा होता, त्याला खालून जोडलेली जादा बॅटरीची पेटी, हातभर लांब झूम लेन्स, फ्लॅश, आणि बाजूला पट्ट्याने बांधलेला लोखंडी ट्रायपॉड.

"ह्यां सगळां तुझा," मामा म्हणाला. "मी दुसरो घेतलंय. तू ह्यो घेवन जा."

मी त्याला फोनवर माझ्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. त्याने चष्मा वर करून पाहिलं.

"ह्यां काय? साबणाची वडी? कॅमेरो हातात घेतलो काय कळाक व्हया, काय तरी घेतलंय म्हणान. ह्येका वजनच नाय. हात हालतलो, मगे फोटो हालतलो."

"मामा, थंय दिवसभर चढणीवर चालूचा आसा."

"मी इतकी वर्सां लग्नांत दिवसभर उभो रवतंय, तां काय झोपान?"

मम्मी दारात उभी राहून ऐकत होती. तिने पुढे होऊन बॅग दोन्ही हातांनी उचलली, खालीवर केली आणि मान डोलवली. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी हार मानली नव्हती. म्हटलं, निदान कामाच्या दृष्टीने पटवून देऊ. दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन वाडीतल्या चॅपेलसमोर गेले. मुद्दा साधा होता. मामाची लेन्स माणसांचे चेहरे टिपण्यासाठी होती, तिच्यात इमारत मावायची नाही. वाइड लेन्स त्याने कधी घेतलीच नव्हती, कारण तिने नवरीचं तोंड भोपळ्यासारखं येतं आणि मग नवरीची आई पैसे देताना कटकट करते. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर चॅपेलचा नुसता दरवाजा दिसत होता. मागे सरकले, दरवाजा आणि वरची खिडकी. आणखी मागे, चॅपेलच्या अंगणातल्या खुरसाच्या पलीकडे, मग गेटबाहेर, मग रस्त्यावर. रिक्षावाला हॉर्न मारून ओरडून गेला. तरी घंटेचा मनोरा मावत नव्हता. "पोर्तोच्या गल्लीत समोर भिंत आसता मामा, मागे जावक जागाच नाय," असं मी त्याला रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगत होते आणि तो इकडून ओरडत होता, "आणखी मागे जा गो! शेतात उतर!" मी उतरले. भाताच्या खाचरात घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून मी चॅपेलचा फोटो काढला, आणि मामा समाधानाने म्हणाला, "बघ, इलो मां पुरो?" तोवर खांद्यात सणक भरली होती. घरी येईपर्यंत मी बॅगेचा पट्टा डाव्या हाताने उचलून धरला होता आणि मामाला ते दिसलं नाही. दिसावं असं मला फार वाटत होतं, हेही खरं.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात मम्मीला गाठलं. ती कुळथाची पिठी ढवळत होती.

"माका मामाक खरां सांगूचा आसा," मी म्हटलं.

"खांद्याचा नाव काढू नको हां," ती पळी न थांबवता म्हणाली. "लोक एक आयकतत आणि चार सांगतत. चेडवाक कायमचा दुखणां आसा म्हणान गावभर होतला. आणि मडगावची माणसां लदिनाच्या प्रार्थनेक येवची आसत."

"मगे मामाक काय सांगू?"

तिने जरा विचार केला. "सांग, रंग आवडलो नाय."

जगातले बहुतेक कॅमेरे काळे असतात. मामाचा काळा होता, मी निवडलेलाही काळाच होता. पिठीचं पातेलं उचलून अंगणात फेकावं असं वाटलं, पण त्यालाही उजवा हात लागला असता. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि काजूच्या कलमांत जाऊन एकटीच मोठमोठ्याने बोलत बसले. इतकी वर्षं लोटली, पण त्या 'रंग आवडलो नाय'चा राग अजून माझ्या पोटात जसाच्या तसा आहे. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पाठ दुखते, डोकं दुखतं, मन लागत नाही, असं येता येताच सांगून टाकतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

परदेशी निघणाऱ्यासाठी आमच्याकडे लदीन ठेवतात. संध्याकाळी अंगणातल्या खुरसाला हार घालायचा, मेणबत्त्या लावायच्या आणि सगळ्या वाडीने मिळून प्रार्थना आणि गाणी म्हणायची. नंतर उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या वाटायच्या, मोठ्यांसाठी ग्लासातून आणखी काही. जाणारा माणूस जे घेऊन जाणार त्यातली एखादी मुख्य वस्तू खुरसाच्या पायाशी ठेवतात. बोटीवर निघालेल्याचा कागदपत्रांचा लिफाफा, नर्स होऊन निघालेलीचा पांढरा कोट. प्रार्थना झाली की घरातला वडीलधारा ती वस्तू उचलून त्याच्या हाती देतो, आणि मग ती परत करायची नसते. खुरसाच्या पायाशी ठेवलेलं नाकारणं म्हणजे आशीर्वाद नाकारणं. माझ्या लदिनाला मी अंगणात आले तेव्हा हारांच्या आणि मेणबत्त्यांच्या मधोमध मामाची काळी बॅग बसलेली होती. कोणी मला विचारलं नव्हतं.

मडगावची मंडळी आली होती. मुलाची आई आणि बहीण पुढच्या खुर्च्यांवर, त्यांच्या शेजारी फिलूमावशी मोत्याचे डूल घालून. गाणी चालू होती आणि मी हात जोडून त्या बॅगेकडे बघत होते. देवाचं नाव माझ्या मनात एकदाही आलं नाही. चौथ्या दिवशी आपण ही खोलीवर ठेवणार, सत्रभर फोनने काहीतरी टिपणार, आणि परत येऊन सरांसमोर रिकाम्या हाताने उभं राहणार, एवढंच दिसत होतं. नाहीतर हट्टाने ती घेऊन चढणार आणि कुठल्यातरी अनोळखी गल्लीत खांदा धरून खाली बसणार. प्रार्थना संपली. मामाने बॅग उचलली, लोकांकडे वळून दोन कौतुकाचे शब्द बोलला आणि पट्टा माझ्या उजव्या खांद्यावर चढवला.

"बघा, चेडू कसा ताठ उभा रवलां!" तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मम्मी समोरच होती. तिचे डोळे मला सांगत होते, गप्प रहा, एवढा वेळ गप्प रहा. मी वाकून बॅग खाली ठेवली.

"मामा, ह्यां माका जमाचा नाय," मी म्हटलं. "माझो खांदो निखळता. दहावीत पडलंय तेव्हापासून. ह्यां वजन माका उचलाक येणा नाय."

टाळ्या थांबल्या. कोणाचा तरी चण्यांचा द्रोण खाली पडला. मग एकदम सगळे बोलायला लागले आणि त्यातला एकही जण कॅमेऱ्याबद्दल बोलत नव्हता. कोणी निरगुडीचा पाला सांगितला, कोणी खारेपाटणच्या एका वैद्याचं नाव घेतलं, कोणी मिठाच्या पाण्याचा शेक. मुलाची आई उठून माझ्याजवळ आली, "खंयचो गो बाय? उजवो?" असं विचारून तिने माझ्या खांद्यावर अलगद हात ठेवला. चांगली बाई होती. पण चहा न घेता निघाली, आणि त्यानंतर तिकडून निरोप आला नाही. फिलूमावशीने आमच्या पडवीसमोरून जाताना मान वळवून घ्यायला सुरुवात केली. मामाने वाकून बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळला. "माका आधी कित्याक सांगूक नाय तू?" त्याने विचारलं. मी मम्मीकडे बघितलं. मग त्यानेही बघितलं, आणि बॅग आपल्या खांद्यावर टाकून अंधार पडायच्या आत कट्ट्याला निघून गेला.

मम्मी एवढंच म्हणाली, "झाला तुझा समाधान?" आणि बोलणं बंद केलं. मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर मोकळं वाटेल. काही मोकळं वाटलं नाही. घरात भांडी जोरात आपटत होती, पप्पा वह्या तपासायचं निमित्त करून शाळेतच बसत होते. मी पणजीला जाऊन मला हवा तो कॅमेरा घेतला, तोही कोणाला दाखवायची सोय नव्हती. मामाच एकदा आला. कॅमेरा तळहातावर घेऊन उलटासुलटा केला, खिडकीतून चॅपेलकडे धरला आणि मनोऱ्यासकट सगळं चॅपेल त्या छोट्या पडद्यावर आलेलं बघून नुसता हुंकारला. जाताना म्हणाला, "पट्टो आखूड कर, कमरेक घे." ते मी केलं आणि पुढे सगळ्या सत्रात तसंच वापरलं.

सामान भरताना मात्र माझ्या सहनशक्तीचा कडेलोट व्हायचा बाकी राहिला. मी बॅग भरून ताणकाट्याला अडकवायचे, विमानाच्या मर्यादेत बसतेय याची खात्री करून आंघोळीला जायचे, आणि परत येऊन बघते तर बॅग फुगलेली. मम्मी न बोलता भरत होती. प्लॅस्टिकच्या पिशवीवर पिशवी चढवलेले सुके बांगडे, मालवणी मसाला, आमसुलं, दोदोलच्या गोड वड्या, सोललेले काजू, वर पोर्तुगालमधल्या कुणा चुलतभावाच्या सासूसाठी घरची सॉसेजेस. मी काढायचे, ती परत भरायची. शेवटी मी पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली तेव्हा कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"कॅमेरो हलको घेतलंस मां? मगे जागा झाली."

म्हणजे मी एवढं भांडून, सगळ्या गावासमोर खांदा उघडा करून वाचवलेलं वजन असं सुक्या बांगड्यांनी भरून निघालं. काटा मर्यादेवर येऊन टेकला होता. पप्पांनी तो वाचला, "बसता," म्हणाले आणि आत गेले. मी भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

निघायच्या सकाळी आम्ही रिक्षाने कुडाळ स्टेशनला गेलो. मम्मी माझ्याकडे न बघता बाहेर बघत बसली होती. माझी मोठी बॅग तिने स्वतः फलाटावर ओढत आणली आणि मला हात लावू दिला नाही. गाडी लागली, आम्ही डब्यात चढलो. माझ्या जागेसमोर एक सावंतवाडीकडचं जोडपं बसलं होतं, पार अनोळखी. मम्मीने पदराने तोंड पुसलं आणि बँकेत गेल्यावर बोलते तशा शुद्ध मराठीत त्या गृहस्थांना म्हणाली, "अहो, जरा ही बॅग वर ठेवता का? माझ्या मुलीचा उजवा खांदा बरा नाही. निखळतो. तिला काही उचलायला सांगू नका."

ते लपवायला मी कळशा डाव्या हाताने उचलल्या होत्या, खोटं खोकले होते, आळशी म्हणवून घेतलं होतं, मामाच्या तोंडावर कॅमेऱ्याचा रंग आवडला नाही म्हणायची पाळी आली होती. आणि हे वाक्य तिने असं सहज, पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला देऊन टाकलं. गृहस्थांनी बॅग वर ठेवली. मम्मीने त्यांना दादरला ती उतरवून द्यायलाही बजावलं. मग खाली उतरून खिडकीशी आली आणि गजांतून हात आत घालून माझा खांदा चाचपत म्हणाली, "आणि थंय विमानात पण कोणाक तरी सांग गो. गप बसू नको. लाजूचा काय त्यात?"

गाडी हलली. मम्मी खिडकीबरोबर चालत पुढच्या खिडकीपाशी गेली आणि तिथल्या बाईला काहीतरी सांगू लागली, मग दारातल्या टीसीला हात करून थांबवू लागली, आणि फलाट संपेपर्यंत तिचा आवाज मला ऐकू येत होता, "उजवा खांदा, उजवा!" मी कॅमेरा पोटाशी धरून आत बसले होते आणि तिच्यावर इतकी संतापले होते की समोरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा कुठे मी रडतेय हे मला कळलं.